मागच्या डिफरन्शियलचं तेल

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ९.१०
गाडी बाहेर काढली. हायवेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. साठच्या वर गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज येतो. निदान: डिफरन्शियल. म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा. त्यातलं तेल बदलायला हवं. हे मी कुणाला न विचारता ओळखलं. सात महिन्यांपूर्वी ही दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, तुला स्टेपनी तरी बदलता येते का? आता बघेल.

दुपारी २
लेकीला नवी नोकरी लागलीय. दुसरं शहर, चार तासांचा रस्ता. जेवताना ती आपणहून म्हणाली, बाबा, मला तुझ्या गाडीतून सोडशील? आपण दोघंच जाऊ. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? रविवार, तेवीस तारीख ठरली. जड सामान आधी टेम्पोने जाईल.
संकल्प: आठ दिवसांत तेल बदलून मोकळं व्हायचं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
तेल म्हणजे नुसतं तेल नव्हे. घट्टपणाप्रमाणे त्याचे नंबर असतात: पंच्याहत्तर-नव्वद, ऐंशी-नव्वद, पंच्याहत्तर-एकशेचाळीस. साधं, सिंथेटिक, अर्धं-अर्धं. त्यातून गाडीत 'लिमिटेड स्लिप' असेल तर आत क्लचच्या चकत्या असतात आणि त्यांच्यासाठी तेलात वेगळं औषध घालावं लागतं. माझ्या गाडीत आहे का? माहीत नाही. असणारच. तिच्या चेहऱ्यावर दिसतं.
इंटरनेटवर एका ग्रुपात शिरलो. तिथे 'टॉर्कगुरू' नावाचा दर्दी माणूस आहे. त्याने लिहिलंय, चुकीचं तेल म्हणजे डिफरन्शियलला विष. वाक्य वहीत उतरवून घेतलं. वही नवीन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मामांना सहज विचारलं. म्हणाले, आणा की, अर्ध्या तासाचं काम. कुठलं तेल घालाल? म्हणाले, जे लागतं ते.
जे लागतं ते! मी वजनमापं खात्यातला निरीक्षक. बावीस वर्षं लोकांच्या तराजूंतली खोट काढतोय. या मामांच्या हातात मी गाडी देणार नाही. चहा मात्र घेतला.

रविवार, ९ नोव्हेंबर
आठ दिवस संपले. पण आधी ठरवलेली मुदत अज्ञानातली होती, म्हणून ती धरायची नाही. तीन प्रकारच्या तेलांच्या बाटल्या आणल्या. आता तुलना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
थंडीत तेल किती घट्ट होतं हे बघण्यासाठी तिन्ही नमुने वाट्यांत ओतून फ्रिजमध्ये ठेवले. शास्त्रीय पद्धत. झाकणं सापडली नाहीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. दूध, लोणी, कापलेलं कलिंगड, सगळ्याला तोच वास. बायकोने फ्रिज रिकामा करून दोनदा धुतला. वाट्या तिने बाहेर नळाखाली ठेवल्या. निष्कर्ष काढता आला नाही. घरात संशोधनाला वातावरण नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
ग्रुपवर टॉर्कगुरू आणि आणखी एका महाभागाची जुंपली. मुद्दा: औषध तेलात आधीच मिसळलेलं असावं की वरून घालावं. मी मध्यस्थी केली. दोघंही माझ्यावर घसरले. एकूण त्रेसष्ट उत्तरं, त्यातली एकोणीस माझी.
लेक खोलीत आली होती. तिकडे गेल्यावर भाड्याच्या खोलीत पहिले काही दिवस कसं वाटेल, असं काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, एक मिनिट, एवढं लिहितो. दहा मिनिटं माझ्यामागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. तिला विषयात गोडी वाटू लागली असावी.

सोमवार, १७ नोव्हेंबर
टॉर्कगुरूला खाजगीत विचारलं, आपण स्वतः कुठली गाडी चालवता? उत्तर आलं की तो बसने जातो. लायसन्सची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, दुसऱ्यांदा. ग्रुप सोडला. त्याच्याकडून घेतलेली अकरा पानं वहीत तशीच ठेवली. ज्ञान कुठूनही घ्यावं.
बायकोने विचारलं, मला पसंत करताना एवढा विचार केला होतास का? प्रश्न विषयाला धरून नव्हता.
लेकीने विचारलं, बाबा, रविवारी नक्की ना? मी म्हटलं, निर्णय शेवटच्या टप्प्यात आहे. ती म्हणाली, मी तेलाचं नाही विचारलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी ६.३०
निर्णय झाला. पंच्याहत्तर-नव्वद सिंथेटिक, औषध वेगळं. बाटल्या घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा हेच पुढे केलं होतं, पण त्याने ते आंधळेपणाने केलं होतं.
शनिवारी दुपारी काम. रविवारी सकाळी सातला प्रस्थान. हवाबिवा तपासायला पूर्ण संध्याकाळ हाताशी.

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी ३.४०
गाडी जॅकवर उचलली. खाली लोखंडी घोड्या लावल्या. आडवा होऊन खालचा बोल्ट सोडला. जुनं तेल सरसर टबात उतरलं. आयुष्यात इतकं समाधान क्वचित मिळालंय. लेकीला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं.

संध्याकाळी ५.१५
नवं तेल भरायचा बोल्ट वरच्या अंगाला असतो. तो हलत नाही.

संध्याकाळी ६.३०
पाइप लावून जोर केला. बोल्ट हलला नाही. त्याची खाच मात्र गोल झाली, आता पान्याला धरायलाच काही नाही. म्हणजे जुनं तेल बाहेर, नवं तेल बाहेर, आणि आत कोरडे गिअर. मामांना फोन केला. बाहेरगावी लग्नाला गेलेत, सोमवारी रात्री येतील.
मागाहून वाचलं: भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करूनच जुनं तेल काढावं. हे इतकं प्राथमिक आहे की कुणी ठळक लिहीतच नाही. दोष लिहिणाऱ्यांचा.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी ७.४०
गेल्या दोघी. बायकोच्या छोट्या गाडीतून.
लेक म्हणाली, बाबा, मागे जागा आहे, बॅगा सरकवते, चल ना. मी म्हटलं, गाडी अशी घोड्यांवर उघडी टाकून जाणं बरं नाही, कुणीतरी थांबायला हवं. लेकीने माझ्या हातांकडे बघितलं. तेलाचे होते. मिठी मारताना मी ते दोन्हीकडे लांब धरून उभा राहिलो, तिचा ड्रेस खराब होऊ नये म्हणून.
निर्णय योग्यच होता. चार तास मागे आखडून बसायचं, कंबर धरली असती.

दुपारी १२
गाडीजवळ खुर्ची टाकून बसलो. गाडीला काही झालं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
मामा आले. गोल झालेल्या बोल्टवर एक नट वेल्डिंगने चिकटवला, त्यावर पाना लावला, एका झटक्यात सुटला. मग डब्यावर फडकं मारलं. खाली पत्र्याची पट्टी निघाली. तिच्यावर तेलाचा नंबर छापलेला. मामांनी तो वाचला आणि तेच तेल भरलं. पंच्याहत्तर-नव्वद. म्हणजे माझा अभ्यास बरोबर होता.
टबातलं जुनं तेल बोटांत चोळून मामा म्हणाले, हे तर चांगलंय, कुणीतरी नुकतंच बदललेलं दिसतंय. मग उठून मागच्या टायरवरून तळवा फिरवला. एका बाजूने झिजलाय, म्हणाले. आवाज त्याचा.
एकूण वेळ, चहा धरून, पस्तीस मिनिटं. अर्धा तास म्हणाले होते. पाच मिनिटांची चूक.

रविवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळी ६
टायर बदलला. पुलाच्या पुढे बरंच लांब जाऊन आलो. आवाज नाही. शेजारच्या सीटवर वही ठेवली होती, ती प्रत्येक वळणावर घसरत होती.
घरी आल्यावर लेकीला फोन केला. म्हटलं, गाडी एकदम फर्स्ट क्लास झालीय. पुढच्या रविवारी येतो, तुला सगळं शहर फिरवतो. ती म्हणाली, अरे वा. मग म्हणाली, "बाबा, मला इथे कुणी ओळखीचं नव्हतं ना, म्हणून पहिल्या दिवशी तू बरोबर हवा होतास. आता झाल्यात ओळखी. पुढच्या रविवारी आम्ही सगळे बाहेर जातोय."
मी म्हटलं, जा जा, मजा कर. कशाने जाणार? म्हणाली, बसने.
मागे कुणीतरी तिला हाक मारली. ठेवते म्हणाली.
गाडीवर कव्हर घातलं.