ब्रोकेनचं धुकं आणि माझं नेतृत्व

शुक्रवार, १० ऑक्टोबर. संध्याकाळ.

आजपासून अमरेशशी बोलणं बंद. निर्णय अंतिम. (मागचा अंतिम निर्णय मंगळवारी घेतला होता, पण त्या दिवशी वायफाय बंद पडलं आणि पासवर्ड त्यालाच माहीत.)

कारण असं की उद्या हार्झच्या डोंगरात, ब्रोकेन नावाच्या शिखरावर ट्रेकला जायचं त्यानं परस्पर ठरवलं. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं शिकायला राहतो. मी कंधारचा, तनुजा नायगावची, शारिक देगलूरचा. तिघं नांदेड जिल्ह्याचे. लातूरचा तो एकटा. तरी प्लॅन त्याचा! लोकशाही म्हणून काही आहे की नाही?

लातूरवाला म्हणजे सगळं आधी घोकून येणार. डोंगराचाही क्लास लावला असेल यानं. प्रोफेसरच्या लॅबमधली असिस्टंटची जागा अशीच पळवली. अर्ज दोघांचा होता. मुलाखतीत मी मनानं बोललो, तो तयारी करून बोलला. ही चीटिंगच.

तरी मी जाणार. केवळ बाकीच्यांच्या सुरक्षेसाठी. किल्ल्याच्या गावचा माणूस, चढण रक्तातच आहे, असं जेवताना सांगितलं. अमरेश म्हणाला, "अबे, कंधारचा किल्ला तर भुईकोट हाय. सपाट जमिनीवर. त्याला चढतेत कुठून?" तनुजा ठसका लागेपर्यंत हसली. नायगावच्या मुलीनं निदान जिल्हा तरी बघायचा.

शारिक त्याचे जादा ट्रेकिंग बूट देत होता. "हरिभाऊ, घे की. उगं जिद कायको करून राहिला?" नाकारले. माझे पांढरे शूज पुरेत. रेनकोटही नको. पावसाला अंदाज द्यायचा नाही की आपण घाबरतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळ, रेल्वेत.

अमरेशच्या बॅगेत नकाशा, शिट्टी, बँडेज, कोरडे मोजे. डोंगरावर चाललाय का बारावीच्या पेपरला?

चौघांचे धपाटे तनुजानं केलेत, सोबत शेंगदाण्याची चटणी. पिशवी मी मागून घेतली. ज्याच्या हातात डबा, त्याच्या हातात नेतृत्व.

शनिवार, दुपार. एका दगडावर बसून.

चढ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एक जर्मन आजी दोन काठ्या टेकत मला ओलांडून गेली. जाताना "हालो" म्हणाली. टोमणाच तो.

पुढं वाट फुटली. अमरेश डावीकडं वळला. उजवी वाट जवळची आहे, असं मी तनुजाला सांगितलं, म्हणजे तिनं त्याला सांगावं. तो थेट मलाच म्हणाला, "तिकडं खुणा न्हाईत बे. धुकं येऊन राहिलं. संगं राहू." मला संगं राहायला सांगणारा हा कोण? उजवीकडं गेलो. आधी पोचायचं, वर टाळ्या वाजवत त्याचं स्वागत करायचं, असा बेत.

बेत अजून कायम आहे. फक्त वाट संपली आहे.

धुकं असं की हात लांब केला तर पंजा दुसऱ्याचा वाटतो. सगळीकडं वाळून उभी राहिलेली झाडं. शूजमध्ये पाणी. फोन बंद पडलाय, कारण गावाकडच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढत होतो. शीर्षकही ठरवलं होतं: कंधारचा वाघ युरोपात.

धपाटे खाल्ले. आधी माझ्या वाट्याचे. मग थंडीत शरीराला इंधन लागतं म्हणून अमरेशचे. मग शारिकचे. तनुजाचा एक ठेवला होता, पण एकटाच राहून कडक झाला असता. कोल्ह्यानं पिशवी नेली असं सांगायचं.

अक्षर खराब येतंय. बोटं वळत नाहीत. इकडं आलोय हे आईला सांगितलेलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

शनिवार, संध्याकाळ. परतीच्या रेल्वेत.

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

धुक्यातून माझ्या नावानं "हरिओऽऽम" अशी हाक आली. आवाज अमरेशचा. पहिल्या हाकेला ओ दिली नाही. तत्त्वाचा प्रश्न. दुसरीलाही दिली नाही. तिसरी हाक लांबून आली. चौथी आलीच नाही. मग मात्र मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही.

आला. माझे शूज उतरवले, पाय टॉवेलनं पुसले, त्याचे कोरडे मोजे चढवले. स्वतःचं जॅकेट काढून मला घातलं. मग म्हणाला, "चल." खाली उतरताना हात त्यानं धरला, मी नाही. पाय घसरला तो त्याच्या धरण्यामुळंच.

तनुजा आणि शारिक शिखरावर पोचले होते. वर वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, तिच्यातून खाली आले. अमरेश शिखर न बघताच मागं फिरला होता. म्हणजे ट्रेक त्याचा, प्लॅन त्याचा आणि शिखर त्यालाच नाही. इथं चूक नियोजनाची.

कोल्ह्याचं सांगितलं. शारिक म्हणाला, "कोल्ह्यानं चटणी तुझ्या शर्टाला पुसली वाटतं."

समोरच्या सीटवर अमरेश कुडकुडतोय. जॅकेट परत मागितलेलं नाही. मागितलं तर देईन.

रविवार, १२ ऑक्टोबर.

अमरेशला ताप. लातूरचा काटकपणा बघितला.

दुपारी तनुजा त्याच्यासाठी मऊ भात टाकत होती. तिला खरं काय झालं ते सांगितलं: अमरेश मला शोधायला आला, स्वतःच वाट चुकला, मी आवाज देऊन त्याला जवळ बोलावलं आणि खाली आणलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं, त्यालाच विचारते."

विचार म्हणावं. तो नाही म्हणणार, हे गृहीतच आहे. उत्तरं काढून ठेवली. शिट्टी होती तर वाजवली का नाहीस? नकाशा होता तर इतका वेळ का लागला? आणि शेवटी असिस्टंटशिपचाही विषय काढणार. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज चांगला लागतो.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळ.

अमरेश उठून किचनमध्ये आला. चेहरा उतरलेला. तनुजानं माझ्यासमोरच विचारलं, "हरिओमनं आणलं म्हणे तुला खाली?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची मागं सरकवून तयार होतो.

"हाव," तो म्हणाला.

शारिक चहा गाळता गाळता थांबला. अमरेशनं चहा घेतला, कप विसळला आणि लॅबला गेला.

भांडायला पाहिजे होतं त्यानं.