चारदा तापवलेला संघ

आदरणीय बर्मेत एजे यांस, नारिनहून तुमच्या धाकट्या भावाचा, सगिनालीचा वाकून सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? मेंढ्या डोंगरावरून सगळ्या खाली आल्या ना? (मेंढ्या तुम्ही गेल्याच वर्षी विकल्यात, पण विचारल्यावाचून पत्र पुढे सरकत नाही.) इकडे सगळं ठीक. मी तेवढा पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा फुटबॉल संघ मी अकरा वर्षं सांभाळला, हे तुम्ही जाणताच. यंदा राजधानीहून एर्निस नावाचा प्रशिक्षक आला. वय सव्वीस, गळ्यात दोन शिट्ट्या (दुसरी कशाला, ते मला अजून उमगलेलं नाही). पहिल्याच दिवशी, मास्तरांना मारतात तशी आदरानं हाक मारून म्हणाला, "आगाय, तुम्ही खेळाआधी मुलींचं अंग तापवा आणि खेळानंतर निववा. मधलं मी बघतो." म्हणजे लग्नघरी चूल पेटवायला मी, भांडी घासायला मी, पंगतीत मात्र दुसराच.

तरी मनापासून केलं. कारण आयझिरेक, संघातलीच मुलगी. मागच्या मार्चात उशीर झाला म्हणून मीच तिला गार अंगानं मैदानात ढकललं होतं, "पळ गं, पळता पळता तापशील!" चौथ्या मिनिटाला मांडीचा स्नायू फाटला. आता ती शिवण शिकते, आणि मला पाहिलं की रस्ता ओलांडते. लंगडत ओलांडते, एजे. त्यामुळे वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी उभा राहून बघतो.

परवा कोचकोरला सामना होता. थंडी उणे चार. मुलींना वीस मिनिटं पळवलं, गुडघे वर, टाचा मागे, सगळं यथासांग. कपाळावर घाम आला आणि निरोपही आला, की पंचांची गाडी वाटेत बंद पडली. बसवलं तर गारठतील, म्हणून पुन्हा पळवलं. पंच येतात, येतात म्हणता पावणेदोन तास गेले. मी चारदा तापवलं. एर्निस म्हणाला, "आगाय, पुरे हो आता." मी म्हटलं, "तुमचं मधलं तुम्ही बघा." (हे बोलायला नको होतं.) समोरच्या मुली तोवर शाळेच्या खोलीत शेगडीपाशी चहा पीत, तळलेले बोर्सोक खात होत्या. शेवटी दहा मिनिटं पळाल्या आणि उतरल्या. नऊ-शून्य. पाचव्या गोलानंतर आमची गोलरक्षक बेगायिम हलेनाशी झाली. दारावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघावं, तशी जाणाऱ्या चेंडूकडे नुसती बघायची.

सामना संपला, एर्निस बसमध्ये जाऊन बसला. निववणं माझ्याकडे. मुली रडत होत्या. म्हटलं, सावकाश चाला, श्वास घ्या. बेगायिम म्हणाली, "आगाय, आता काय निववताय? विस्तव उरलाय का आमच्यात?" कुणी हसलं नाही. चूक माझी, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. मग मांडीला ताण कसा द्यायचा ते दाखवायला स्वतः वाकलो, आणि वर आलोच नाही. दिवसभर सगळ्यांना तापवलं, स्वतःचं अंग राहूनच गेलं होतं. नऊ गोल खाल्लेल्या मुलींनी मला लोकरी नमद्याच्या गुंडाळीसारखं उचलून बसमध्ये घातलं. तिथे मात्र त्या हसल्या. मी हसू दिलं.

शाळेच्या संचालकबाई म्हणाल्या, "हिवाळाभर विश्रांती घ्या." साठीच्या माणसाला हे का सांगतात, ते तुम्हाला कळेल.

तुमचा,
सगिनाली

ता. क. कमरेला बांधायला उंटाच्या लोकरीचा पट्टा पाठवाल का?

ता. क. दुसरा. खरं तर पट्टा नको. घर एकट्याला फार मोठं होतंय. हिवाळ्यापुरता तुमच्याकडे राहू का? जावईबापूंना सोमवारी गाडी घेऊन पाठवा.

ता. क. तिसरा. सोमवारी नको. आत्ताच आठ मुली येऊन गेल्या. एर्निस तापानं फणफणलाय, सोमवारच्या सरावाला कुणीच नाही. बेगायिम म्हणते, "खुर्ची आम्ही नेतो, तुम्ही फक्त ओरडा." एकाच दिवसापुरतं आहे, हे मला कळतं. जावईबापूंना मंगळवारी पाठवा. मी निघेनच असं नाही. पण खाट घालून ठेवा.