नक्षी बारा वेळा, कडा एकदाच

२ जानेवारी

मालकीणबाईंनी फर्मान काढलं — स्वेटरची सगळी मापं आता कागदावर! अठरा वर्षं मी विणकामाच्या खोलीत बायकांना टाके तोंडी सांगतेय, एक स्वेटर वाकडा गेला नाही. पण कागद हवा! मी सांगितलं, लेकीने लिहिलं. तिथेच हिशेबाच्या टेबलाशी नोकरीला आहे ती, शिकलेली ना. कडेचे चार टाके आणि सहा टाक्यांची नक्षी बारा वेळा. ४ + ६ × १२. दिसायला झकास.

३ जानेवारी

गुडघा धरलाय. गेले नाही.

५ जानेवारी

गेले तर पाच जणींच्या मांडीवर चादरी! शहात्तर टाक्यांच्या जागी एकशेवीस! लेकीने कॅल्क्युलेटरवर ओळीने बटणं दाबली — चार नि सहा दहा, दहा गुणिले बारा. आकडा लिहून मोकळी. अगं, बारा वेळा नक्षी आहे, कडा नाही! हत्तीला घालणारेस का स्वेटर?

पाचही जणींना टाके जास्त वाटले होते म्हणे. "पण कागदावर होतं ना, आजी." वा!

मालकीणबाईंनी विचारलं, आकडा कुणाचा? लेक खाली बघत म्हणाली, "आईनेच सांगितला. वय झालंय तिचं."

माझ्यासमोर! मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "आजी, आता घरी आराम करा."

दोन दिवसांचं विणकाम उसवलं. माझी अठरा वर्षंही.

६ जानेवारी

"माझी नोकरी गेली असती, आई. तू काय, घरी बसलीस तरी चालतं."

चालतं!

वर म्हणते, गणित डावीकडून उजवीकडेच करायचं. वाच की डावीकडून, कोण नको म्हणतंय? पण गुणाकार आधी सोडव! नातीने मोबाईलवर केलं — शहात्तर. लेक म्हणाली, मोबाईल बिघडलाय.

पोटची पोर. परक्या बाईने केलं असतं तर चार शिव्या घालून झोपले असते.

८ जानेवारी

जेवण एका टेबलावर, बोलणं बंद.

११ जानेवारी

मालकीणबाई घरी आल्या, हातात तोच कागद. "आजी, मांडणी बरोबर होती. आकडा तेवढा चुकला. तो खरंच तुम्ही सांगितला? लेकीने काढला असेल तर उद्यापासून तिला ठेवत नाही."

मीच सांगितला म्हटलं.

लेकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर खरं बोलले असते.