नोंदीत रिकामं

४ मार्च

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. धाकटीला आणि मुलांनाही. तुझे केस पिकले तरी माझा हात 'छोट्या'च लिहितो, त्याला इलाज नाही.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या वहिनीचा दमा थंडी सरल्यापासून जरा आटोक्यात आहे. जिना मात्र डॉक्टरांनी अजून बंदच ठेवलाय. त्यामुळे वरच्या तुझ्या खोल्या मीच अधूनमधून उघडतो, झाडून घेतो, खिडक्या उघड्या टाकून थोडा वेळ बसतो. मोरीतला नळ गळत होता, त्याचा वॉशर बदलला.

कारखान्यात एका सिनेमागृहाच्या खुर्च्या आल्या आहेत गाद्या बदलायला. जुनं कापड उसवलं की आतून कंगवे, चिल्लर, गोळ्यांचे कागद निघतात. काल एका खुर्चीतून दातांची कवळी निघाली. सुतारमामा म्हणाले, सिनेमा फारच विनोदी असणार.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू 'हं, हं' म्हणतोस आणि मला पुढचं सुचत नाही. गुरुजींनी शिकवलं होतं, आधी क्षेम लिहावं, मग काम. कागदावर तेवढी उसंत मिळते.

काम असं काही नाही. परवा घरभाडे नोंदणी कार्यालयातली बाई येऊन गेली. जो घर भाड्याने देतो त्याने त्या घराची माहिती सरकारी नोंदीत द्यायची, असा कायदा झालाय हे तुला माहीतच असेल. तिने दोन-चार प्रश्न विचारले, पाणी प्यायली, गेली. तुला काही कागद आला तर गोंधळू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

त्याआधी आणखीही कोणी येऊन गेले होते. पण ते तुझ्याकडचं काम असावं. त्याचं तूच सांगशील.

देव सर्वांना सुखात ठेवो.

तुझा,
दादा

१३ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेल्यापासून तुझी वहिनी आणि मी एकमेकांशी मोजकंच बोलतोय. तू रागावलास त्याचं मला वाईट वाटलं नाही. रागवायला आपलंच माणूस लागतं. पण 'त्या बाईला काय सांगून बसलास' असं तू तीनदा विचारलंस आणि मला एकदाही पुरं सांगू दिलं नाहीस, म्हणून लिहितो.

ती बाई काही हेरगिरी करायला आली नव्हती. नोंदीत जी घरं रिकामी लिहिली आहेत ती खरंच रिकामी आहेत का, हे पाहत ती गल्लोगल्ली हिंडत होती. बिचारीच्या चपलेचा अंगठा तुटलेला. तिने हातातल्या यंत्रावर आपल्या घराचा फोटो दाखवला, तू पाठवलेला. खाली लिहिलं होतं, 'तळमजला, दोन खोल्या, रिकाम्या, मालकाच्या वापरासाठी राखीव.' फोटोत दाराशेजारच्या दोरीवर एक निळा सदरा वाळत होता.

ती म्हणाली, "काका, हा सदरा कोणाचा?"

छोट्या, तो सदरा त्या वेळी माझ्या अंगावर होता.

तिला हसू आलं, मलाही आलं. मग तिने विचारलं, मालकाचे तुम्ही कोण. मी म्हटलं, थोरला भाऊ. ती म्हणाली मग ठीक आहे, आणि यंत्र बंद करायला लागली. बंद करता करता सहज विचारल्यासारखं विचारलं, भाडं वगैरे देत नसाल ना?

तुला आठवतंय, आपण हा शब्द कधी उच्चारला नाही. तू घर घेतलंस आणि म्हणालास, दादा, खाली राहा. मी म्हटलं, धाकट्याच्या घरात फुकट राहायचं माझ्याने होणार नाही. मग तूच तोड काढलीस, घराच्या डागडुजीला म्हणून काही पैसे पाठवत जा. तेव्हापासून दर महिन्याला पाठवतो. डागडुजीही मीच करतो, हा विनोद आपल्या दोघांच्याही कधी लक्षात आला नाही.

मी गप्प होतो. आतून तुझी वहिनी म्हणाली, "देतो."

एवढंच झालं. तिला दोष देऊ नकोस. तिने खोटं सांगितलेलं नाही आणि मला खोटं सांगण्यापासून वाचवलं.

आता पुढचं. बाईने एक कागद ठेवलाय. महिनाअखेरीपर्यंत तो भरून द्यायचा. त्यात दोन रकाने आहेत. एक 'नातेवाईक, विनामोबदला वास्तव्य', दुसरा 'भाडेकरू'. नातेवाईक लिहिलं तर तुझी नोंद थोडी दुरुस्त होऊन प्रकरण मिटतं. भाडेकरू लिहिलं तर माहिती दडवल्याचा ठपका तुझ्यावर येतो. फोनवर तू म्हणालास, "दादा, एक सही तर करायचीय. तू माझा भाऊ आहेस की भाडेकरू?"

कागद अजून कोराच टेबलावर आहे. जेवताना तो उचलून बाजूला ठेवतो, जेवण झालं की पुन्हा जागेवर.

कारखान्यात सुतारमामांना सांगितलं. ते म्हणाले, भावाचं घर म्हणजे मागून आणलेला कोट, थंडीतच परत मागतात. मी त्यांच्याशी भांडलो. आमचा छोट्या तसा नाही म्हटलं.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. फोन नको.

तुझा,
दादा

२६ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. पत्र आलं नाही, फोन मात्र आले. मी उचलले नाहीत. तसं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिता लिहिता मी सोडून दिली होती. वाटलं होतं, तू आपणहून सांगशील. नोंदणीची बाई यायच्या आधी एक दलाल आला होता, बरोबर एक नवरा-बायको. मी दार उघडलं. दलालाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो त्यांना म्हणाला, "हा मालकांचा माणूस आहे, घर राखायला ठेवलाय. हे निघतील."

ते गृहस्थ पाणी मागत होते, मी दिलं. मग त्यांनी खोल्या मोजायला काढल्या. दलालाकडे मोजायची टेप होती, पण दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. ते मीच धरलं. आपली झोपायची खोली मी भिंतीशी वाकून त्यांना मोजून दिली. तुझी वहिनी पलंगावर बसली होती. त्या गृहस्थांच्या बायकोने तिला जरा पाय वर घ्यायला सांगितलं आणि तिने घेतले.

ते गेल्यावर ती म्हणाली, "भाऊजींना माहीत नसेल हो." मीही तेच म्हटलं. आम्ही दोघांनी एकमेकांना तसं समजावलं आणि दोघांनाही पटलं नाही.

घर तुझं आहे. ते विकायचा तुला हक्क आहे, आणि तुझ्याही अडचणी असतील, त्या तू मला कधी सांगितल्या नाहीस. मी रागावलेलो नाही. मी रोज प्रार्थनेला बसतो तेव्हा तुझं नाव पहिलं घेतो, तेही चुकलेलं नाही. पण आता या दोन खोल्यांत मला चालता येत नाही. खुर्ची सरकवली तरी वाटतं, कोणाच्या तरी मापात येतेय. नातेवाईक म्हणून सही केली तर तुझ्या एका शब्दावर निघावं लागेल, आणि दमेकरी बायकोला घेऊन या वयात तळमजल्याची खोली मी कुठे शोधू? भाडेकरू म्हणून सही केली तर तुझ्यावर मीच बोट ठेवलं असं होतं. दोन्ही दारं मीच आतून धरून उभा आहे.

नोंदणी कार्यालयात जाऊन त्याच बाईला विचारून आलो. भाडेकरूची नोंद असली की घर विकलं गेलं तरी नव्या मालकाला ती मानावी लागते, कारण आणि मुदत दिल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. मी विचारलं, भावाची अशी काही नोंद असते का. ती म्हणाली, नाही काका, ते आमच्याकडे येत नाही.

परतताना चालत आलो. एवढंच मनात येत होतं की तू 'निघा' म्हणालास तर भाऊ म्हणून मला नाही म्हणता येणार नाही. लहानपणापासून तुला कशालाच नाही म्हणालेलो नाही. भाडेकरूला म्हणता येतं.

आज सकाळी मी 'भाडेकरू' या रकान्यात सही केली आणि कागद देऊन आलो. देवाची क्षमा मागितली. कशाची, ते मला नीट सांगता आलं नाही. तुला दंडाचा कागद येईल. त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून लगेच लिहितोय. घरी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "झालं?" मी म्हटलं झालं. मग ती रडली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

बाईने निघताना एक नियम सांगितला. मालकाला घरात यायचं असेल तर त्याने भाडेकरूला आधी कळवायला हवं. मी म्हटलं, आमच्या बाबतीत तेवढं खोडा. ती म्हणाली, खोडता येत नाही.

तेव्हा दलालाला घेऊन येणार असलास तर आधी कळव.

एकटा येणार असलास तर कळवू नकोस.

तुझा,
दादा