मी आत उभा होतो

१८ सप्टेंबर, गुरुवार

नडगी सुजली आहे. बर्फ लावला. बायकोने विचारलं तर "बॉल लागला" एवढंच सांगितलं.

मुलींच्या जिल्हा सॉफ्टबॉल स्पर्धेची फायनल होती आज. होम प्लेटमागे मुख्य अंपायर भीमराज सर, बेसवर मी. शेवटची इनिंग. सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरचा संघ एका रनने मागे. दोन आउट. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांच्या मुली उभ्या. बॅटिंगला त्यांची कॅप्टन दिपा, दहावीतली. तिने बॉल सरळ मधोमध मारला, जमिनीलगत, पिचरच्या बाजूने. मागे अडवायला कोणी नव्हतं. दोघी होम प्लेटवर पोचल्या असत्या, दोन रन, मॅच त्यांची.

बॉल माझ्या नडगीवर आदळला.

फिल्डरच्या आधी अंपायरला लागला की बॉल डेड. मारणारीला पहिला बेस मिळतो, बाकीच्या जिथल्या तिथे. रन नाही. पुढची मुलगी आउट झाली. तांडा हरला.

नियम बराबर लावला. त्यात चूक नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नियम बराबर होता. मी चुकीच्या जागी उभा होतो. एवढं लिहायला एक दिवस लागला.

बेसबॉलमध्ये बेसवर धावणारा आला की बेस अंपायर आत येतो – पिचर आणि दुसरा बेस यांच्या मधे. तिथे दोन बेसमध्ये नव्वद फूट अंतर, जागा भरपूर. धावणारा बेस सोडून पुढे सरकून उभा राहतो, पिचर केव्हाही वळून तिकडे फेकतो. ते आतून नीट दिसतं. सॉफ्टबॉलला अंतर साठच फूट. आत उभा राहणारा वाटेतच येणार. आणि पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत बेस सोडायचाच नसतो, मग आत काम काय? अंपायर बाहेर, फिल्डरांच्या मागे. बॉल लांब गेला की मगच आत पळायचं.

हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण गेले दोन मोसम मुलांचं बेसबॉलच केलं. बेसवर मुलगी आली की पाय आपोआप आत जात होते. सगळी मॅच. भीमराज सरांनीही टोकलं नाही.

चूक झाली. माणसाची होते. पण एवढंच असतं तर बरं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

उरलेलं लिहितो.

मॅच संपल्यावर त्यांचे प्रशिक्षक प्रेमदास सर माझ्याकडे आले. भांडायला नाही. अदबीनेच विचारलं, "रविंद्र सर, तुमी आत काहून उभे होते?"

मी म्हणालो, "नवीन नियम आलाय, सर. आता सॉफ्टबॉललाबी आतच."

असा कोणताही नियम नाही. कुठून आलं तोंडात, माहीत नाही. त्यांनी मान हलवली. "असंल. आमाला तांड्यावर उशिराच कळतं."

तेव्हा मागून दिपा बोलली. "न्हाई सर. सॉफ्टबॉलला अंपायर बाहेर असतो."

आयोजक, पालक, दोन्ही संघ – सगळे ऐकत होते. मी आवाज चढवला. "तू मला शिकवणार?" तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हळू आवाजात. माझ्याकडे बघून.

भीमराज सरांनी मला बाजूला घेतलं. "तिच्यावर अहवाल लिहून टाक. विषय मिटतो."

लिहिला. 'पंचांशी उद्धट वर्तन.' खाली माझी सही. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

स्पर्धा समितीचा निर्णय आला. दिपाला एक वर्ष बंदी. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत तिचं नाव नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत आठवीच्या मुलींचा खेळाचा तास. शिटी घेऊन उभा राहिलो. बाहेर, बराबर जागेवर. अगदी सहज.

२८ सप्टेंबर, रविवार

एसटी डेपोसमोर प्रेमदास सर भेटले. टाळायला वाट नव्हती. त्यांनीच चहा सांगितला.

म्हणाले, "पोरीनं बोलायला नको होतं सर. तिची माय, जिवनबाई, लई रागावली तिला. तुमच्या घरी घेऊन येतो, पाया पडंल. तेवढी बंदी बघा."

मी कपात बघत होतो.

"आन् मधातून मारायचं बंद केलंय तिचं. नवीन नियम हाय म्हणल्यावर अंपायर मधीच राहणार ना? आता बाजूला मारायला शिकवून राहिलो. जमंना अजून. बॉल वर उडतो, आउट होती. शिकंल."

मधोमध, जमिनीलगत – तसा फटका जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्याही मुलीकडे नाही. तो मी मोडायला लावला. आणि ती माझ्या पाया पडायला येणार आहे.

"बघतो," म्हणालो. घरी आलो.

२९ सप्टेंबर, सोमवार

बायकोला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "मला काहून सांगून राहिले? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

३० सप्टेंबर, मंगळवार

समितीच्या सचिवांना लेखी दिलं. मी बेसबॉलच्या जागेवर उभा होतो. नवीन नियम खोटा. मुलगी खरं बोलली, तिने आवाजही चढवला नाही. अहवाल खोटा, तो मी मागे घेतो.

सचिवांनी दोनदा वाचलं. "हे द्यायचंच आहे का? कोणी तक्रार केलेली नाही."

"म्हणूनच," म्हणालो.

भीमराज सरांचा फोन आला. "तू बुडालास, मलाबी बुडवलंस." ते खोटं बोलले नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बंदी उठली. चाचणी नऊ तारखेला, दिपाला बोलावणं गेलं. फायनलचा निकाल मात्र तोच राहणार. मला दोन वर्षं अंपायरगिरी बंद. भीमराज सरांना ताकीद.

वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

तांड्यावर गेलो. प्रेमदास सरांनी मुलींना ओळीत बसवलं. काही आयाही आल्या. मी उभा राहून सगळं सांगितलं.

प्रेमदास सरांनी आधी मुलींकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पोरीला खोटं पाडलं सर. तुमच्या शब्दावर." आणि उठून मैदानाकडे गेले. मला चहा विचारला नाही.

दिपाला म्हणालो, "तुझा फटका होता तसाच मार." तिने फक्त मान हलवली. निघताना एक वही आणून दिली. "घरी बघा, सर."

रस्ताभर मांडीवर होती. उघडली नाही. शिव्या असतील तर बरं, असं वाटत होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

वही उघडली. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी शिबिराची. चौथ्या पानावर पेन्सिलीने काढलेलं मैदान, बाहेर एक ठिपका. खाली लहान मुलीच्या अक्षरात – 'बॉल आत तर अंपायर बाहेर. विसरू नका. रविंद्र सरांनी सांगितले.'

त्या शिबिरात मी साठ मुलींना शिकवलं होतं. ही मला आठवत नाही.