दाजी, माझा क्लच ठीक आहे

तीर्थस्वरूप दाजी यांस,

मेहुणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. प्रत्यक्षात कमरेत उसण भरली आहे, आणि खाली वाकले तर उठवायला माणूस लागतो. उसण कशाने भरली ते पुढे येईलच, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.) तुमची तब्येत बरी असेल. वर्कशॉपच्या त्या थंडगार केबिनमध्ये बसणाऱ्याची तब्येत बिघडायला तसं काही कारणही नाही म्हणा. ताईच्या पिकअपची किल्ली सापडत नाही असं आईकडून कळलं. सापडेल, घाई करू नका. चार दिवस रोपं बाजारात गेली नाहीत तर ती काही वाळत नाहीत. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे जिवंत आहेत, आणि त्यात तुमच्या कंपनीचा काडीचा हात नाही, हे कळवायला पत्र लिहिते आहे.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तुम्ही ‘क्लच नीट दाबत नसशील’ म्हणता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पत्रात तुम्हाला मधे तोंड घालता येत नाही. (मोठ्यांना असं लिहू नये हे मला कळतं. खोडणार नाही.)

आमची जुनी गाडी आठवते ना? तिचं एक दार दोरीने बांधलेलं होतं, हॉर्न मनात येईल तेव्हा वाजायचा, पण ती बापडी आम्ही थांबवू तिथेच थांबायची. तुम्ही पडलात कंपनीच्या वर्कशॉपचे साहेब. तुम्ही म्हणालात, भंगारात घाला ते धूड, आता गाडीत जागोजागी सेन्सर असतात, नवी गाडी स्वतः विचार करते. आम्ही मान डोलावली आणि तुमच्या शब्दावर एका दिवशी, एका रंगाच्या दोन पिकअप घरात आल्या, एक आमच्या काचेच्या दुकानाला आणि एक ताईच्या रोपवाटिकेला. तुम्ही दोन्ही बॉनेटवर एकेक हात ठेवून फोटो काढून घेतलात. तो फोटो आमच्या दुकानात होता. आता तो फळीवर पालथा आहे.

तर दाजी, तुमची गाडी खरोखरच विचार करते, आणि भर रस्त्यात करते. चांगली पळत असताना तिच्या मनात काय येतं कोण जाणे, इंजिन गप्प. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगड होतं, ब्रेक दगड होतो, आणि मागे काचा बांधलेल्या असतात. एकदा पेट्रोल पंपाच्या तोंडाशी थांबली, एकदा हॉस्पिटलच्या फाटकात. (मागे अँब्युलन्स होती. तिच्या ड्रायव्हरने मला जे ऐकवलं ते तुम्हाला ऐकवायला हवं, पण माझ्या हाताने ते लिहवत नाही.) ओढून नेणाऱ्याची वाट बघेपर्यंत महाराणी गार होतात आणि तुमच्या दारात पहिल्या फटक्यात सुरू. मग तुमची माणसं लॅपटॉप लावणार, आणि ‘कॉम्प्युटरमध्ये काही दिसत नाही’ म्हणून गाडी धुऊन परत देणार. धुवायला कोणी सांगितली होती? तुम्ही स्वतः शेजारी बसून वर्कशॉपला फेरी मारून आणलीत, तेव्हा तर पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी वागली. तुमच्या लॅपटॉपवाल्याने मात्र मला सगळं सांगितलं होतं. इंजिन फिरतंय की नाही हे बघणारा सेन्सर तापला की मुका होतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं आणि तो पेट्रोल तोडतो, असं तो म्हणतच होता. तेवढ्यात तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि त्याला खोकला आला. मी तिथेच उभी होते, दाजी. मला काय आंधळी समजलात?

आता उसणीकडे येते. परवा न्हाव्याच्या नव्या दुकानाचा आरसा पोचवायचा होता, भिंतभर. आरशाच्या पाठीवरचा लेप खरवडू नये म्हणून आम्ही त्याची पाठ गाडीवरच्या लाकडी चौकटीला लावतो आणि तोंड बाहेर ठेवतो. (गिऱ्हाइकं म्हणतात तोंड आत ठेवा. गिऱ्हाइकांना काय कळतंय?) मोठ्या चौकात उजवीकडे वळताना बरोबर मध्यावर गाडी बंद पडली. आम्ही समोरच्या वाहतुकीला आडवे, आणि शेजारी बसलेल्या ह्यांच्या बाजूने बस आली. मी किल्ली फिरवते आहे, फिरवते आहे, आणि आमचे हे, ज्यांनी लग्नापासून कधी आवाज चढवला नाही, ते माझा दंड धरून माझ्या नावाने ओरडत होते. त्यांच्या काचेतून मला बसचा नंबर वाचता येत होता. तेवढ्यात बसवाल्याने उभं राहून ब्रेक मारला आणि बस ह्यांच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली.

त्याने आम्हाला पाहून ब्रेक मारला असं वाटलं का? छे! तो खाली उतरला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता, चुकीच्या बाजूने अंगावर येणाऱ्या त्या दुसऱ्या बसवाल्याला शिव्या देत सुटला. कुठे गेला तो, म्हणून मलाच विचारलं. मी आरशाकडे बोट दाखवलं. त्याने आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग तिथेच रस्त्यावर मटकन बसला. बसमधल्या एका बाईंनी तेवढ्यात खिडकीतून केस सारखे करून घेतले. मला हसू फुटलं आणि ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा मी रडत होते. आरसा उलटा बांधला असता तर त्याला एक मळकी फळी दिसली असती, आणि हे पत्र मी लिहीत बसले नसते. मग आम्ही दोघांनी ते धूड ढकलून कडेला नेलं आणि कंबर गेली. तिथूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात? पुन्हा लिहायला लावू नका.

आरसा शाबूत पोचला. न्हावी खूश आहे. हे अजून झोपेत दचकतात. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मुलांना आशीर्वाद आणि ताईला खूप प्रेम.

तुमची (अजून तरी),
मेहुणी

ता. क. – सेन्सर बदलून हवा आहे. तपासून नको, धुऊन नको, बदलून. कॉम्प्युटरला विचारत बसू नका, तो त्या चौकात नव्हता.

आणखी एक – ताईच्या गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. हरवली नाही, मीच रविवारी तिच्या पर्समधून काढून आणली. शोधणं थांबवा, कपाटं लावून ठेवा.

शेवटचं – ताईने तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं आहे, म्हणून लिहिते. तिचीही गाडी बंद पडते. गेल्या आठवड्यात टेकडीच्या उतारावर बंद पडली, वळणावर, मागे रोपं आणि शेजारी तुमची धाकटी. कठड्याला घासून थांबली. दारावरचा ओरखडा फाटकाचा नाही. ती तुम्हाला बोलली नाही, कारण तुमचं म्हणणं तिला खरं वाटतं. रोज संध्याकाळी, तुम्ही घरी यायच्या आधी, ती मागच्या मोकळ्या जागेत एकटीच गाडी घेऊन क्लच दाबायचा सराव करत होती. तेव्हा आधी तिची गाडी करा. आमची राहू दे, आम्ही हातगाडीने काचा नेऊ. आणि तुमच्या तोंडाने तिला एकदा सांगा की तिचा क्लच ठीक आहे. मी सांगून थकले, तिला माझं पटत नाही.