खाली गाडीत बसलेल्या भावाला

अ‍ॅडलेड
१४ ऑगस्ट १९८३

प्रिय गार्थ,

तू, ग्लेनिस आणि पोरी बऱ्या असाल. गावाकडे पाऊस झाल्याचं रेडिओवर ऐकलं, जव तरारला असेल. मी ठीक आहे. जेवण जातं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा पूर्वी ट्राम चालवायचे. आमचा फुटबॉल क्लब किती भिकार खेळतो, ते दिवसभर मला ऐकवत असतात.

वरचं 'ठीक आहे' खोटं आहे. खोडत नाही, राहू दे.

काल डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा फाटलेला गुडघा सांधून उपयोग नाही. चालता येईल, लंगडत. मी विचारलं, पुढच्या मोसमात नाही तर त्याच्या पुढच्या? ते म्हणाले, "नेव्हिल, उद्या मुलं झाली तर त्यांच्यामागे धावता यावं, एवढंच आता बघू." मी पंचवीस वर्षांचा आहे, गार्थ. सहा वर्षांत एकवीस सामने खेळलो. बाकी सगळा वेळ कुबड्या, सराव आणि पुन्हा ऑपरेशन. मला दुसरं काही येत नाही. सकाळी डोळे उघडले की पुन्हा मिटून घेतो.

पण पत्र त्यासाठी नाही. बुधवारी ग्लेनिस घरी भाजलेल्या खिम्याच्या पेस्टी घेऊन आली होती. तू कुठे आहेस विचारलं, तर खिडकीकडे बघत म्हणाली, "खाली गाडीत बसलाय. म्हणतो, तो गुडघा मी कुठल्या तोंडाने बघू?"

ती गेल्यावर मी कुबड्या घेऊन खिडकीपर्यंत गेलो. स्टिअरिंगवर टेकलेलं तुझं डोकं दिसलं. हाक मारायला हवी होती. मारली नाही.

आता शेवटपर्यंत वाच, फाडू नकोस.

सहा वर्षांपूर्वी त्या शनिवारी अ‍ॅडलेडच्या क्लबाचा माणूस खेळाडू बघायला गावी आला होता. आपण दोघं एकाच चेंडूसाठी उंच उडालो आणि तू माझ्या पायावर पडलास. सगळ्या गावाने तेच पाहिलं. पण गुडघा दोन दिवस आधीच गेला होता. गुरुवारी मी धक्क्यावरून समुद्रात उडी मारली, तेव्हा पाण्यातल्या खांबावर पाय आदळून पिळवटला. घरी येईस्तोवर टम्म सुजला. लांब पँट घालून वावरलो. कळलं असतं तर मला मैदानात उतरवलंच नसतं. शनिवारी पट्टी करकचून बांधली आणि उतरलो. उडी मारून जमिनीला टेकलो तेव्हाच आत काहीतरी तुटलं. तू त्यानंतर पडलास.

त्या संध्याकाळी बाबा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "एका पोराने दुसऱ्याचा पाय खाल्ला." मी पलंगावर पडून ऐकत होतो. माझ्या मूर्खपणाने पाय गेला म्हणण्यापेक्षा भावाने घालवला हे मला सोपं गेलं. तू खेळणं सोडलंस. मला उचलून न्हाणीघरात नेलंस, दर पंधरवड्याला अ‍ॅडलेडच्या डॉक्टरकडे आणलंस. मी शेजारी बसून गप्प. उद्या सांगू म्हणता म्हणता बाबाही गेले, मनात तेच घेऊन.

अजून एक आहे. दुसऱ्या दिवशी तो क्लबाचा माणूस मला भेटायला आला, तेव्हा पाय बरा झाला की तुला घेऊ म्हणाला, आणि मग त्याने तुझी चौकशी केली. मोठा भाऊ जास्त तयार वाटतो म्हणाला, येईल का विचारलं. मी सांगितलं, गार्थला शेत सोडायचं नाही.

तू माझ्याहून चांगला खेळायचास. मला ते माहीत होतं.

माफ कर म्हणायलाही तोंड नाही. तुझ्या हातून काहीच घडलं नव्हतं, एवढं तुला कळावं, ग्लेनिसला कळावं, पोरींना कळावं. वाटलं तर गावात वाचून दाखव. तू इथे वर ये नाहीतर येऊ नकोस, मला दोन्ही चालेल असं लिहिणार होतो. चालणार नाही. ये. येऊन तोंडावर थुंक, पण ये.

ज्याचं तू काहीच मोडलं नाहीस,
असा तुझा भाऊ,
नेव्हिल